अ‍ॅनिसोल + एचआय: आयोडोबेंझिन का मिळत नाही?

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलवाला. केमिस्ट्रीशी बारावीनंतर काडीमोड घेतला तो आजतागायत. भाची यंदा बारावीला आहे, सुट्टीत आमच्याकडे आली आहे, आणि तिने काल वही माझ्यापुढे सरकवली.

प्रश्न असा. अ‍ॅनिसोल म्हणजे बेंझिनच्या रिंगला ऑक्सिजन आणि ऑक्सिजनला मिथिल. हे संहत हायड्रोआयोडिक आम्लाबरोबर (एचआय) तापवलं की फिनॉल आणि मिथिल आयोडाइड मिळतं. भाचीचं म्हणणं, ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना कार्बनच आहे ना? मग आयोडाइड दर वेळी मिथिललाच का चिकटतं? आयोडोबेंझिन आणि मिथेनॉल का नाही?

पुस्तकात एका ओळीत उत्तर आहे: रिंग आणि ऑक्सिजनमधल्या बाँडला अंशतः डबल बाँडचं स्वरूप असतं, म्हणून तो तुटत नाही. मला पटलं. मजबूत जोड राहणार, कमजोर जोड तुटणार. तर बाईसाहेब म्हणतात, "मामा, पण आधी आम्लाचा प्रोटॉन ऑक्सिजनवर बसतो. त्यावर प्लस आला. मग तो रिंगला लोन पेअर (बाँडमध्ये न अडकलेली इलेक्ट्रॉनची जोडी) देईल कशाला?"

मी चहा टाकायला उठलो.

शिवाय त्याच धड्यात दोन पानांनंतर लिहिलंय की हाच मिथॉक्सी ग्रुप रिंगला अ‍ॅक्टिव्हेट करतो (म्हणजे तिची रिअ‍ॅक्शन सोपी करतो) आणि नवा ग्रुप ऑर्थो-पॅराला, म्हणजे शेजारच्या किंवा समोरच्या कार्बनला, पाठवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कावळा

अहो मामा, "रिंगकडे फिनॉल, दुसरीकडे आयोडाइड" एवढं पाठ करायला सांगा. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे लोन पेअर कोणाकडे गेली याची चौकशी करत बसलात तर पेपर सुटायचा नाही.

लवंगलता

ज्युनिअर कॉलेजला हा धडा शिकवते, म्हणून राहवलं नाही.

गिअरबॉक्स, भाचीने नेमकं बोट ठेवलंय. पुस्तकातलं वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. साध्या फिनॉलमध्ये कार्बन-ऑक्सिजन अंतर १३६ पिकोमीटर असतं, मिथेनॉलमध्ये १४२. म्हणजे रिंगकडचा बाँड आखूड आणि घट्ट, हे खरंच. पण अ‍ॅनिसोलला प्रोटॉन लागला की ऑक्सिजनचा हात आखडतो, तो रिंगला पूर्वीसारखं देत नाही. त्यामुळे नुसत्या डबल बाँडच्या जोरावर सगळं समजावता येत नाही.

खरा प्रश्न बाँड किती घट्ट आहे हा नाही. आयोडाइड कुठून येणार हा आहे.

मिथिलवर एसएन-टू होतं. आयोडाइड कार्बनच्या बरोबर मागच्या बाजूने येतं, समोरून ऑक्सिजन सुटतो. मिथिलभोवती तीन हायड्रोजन, वाट मोकळी. आता रिंगवरचा कार्बन बघा. ऑक्सिजनच्या बरोबर विरुद्ध दिशेला काय आहे? रिंगचं पोट. तिथून आयोडाइडला शिरताच येत नाही. एसपी-टू (डबल बाँडवाल्या, सपाट) कार्बनवर मागून हल्ला होत नाही असं आपण घोकतो, त्याचं कारण एवढं साधं आहे.

मग दुसरा रस्ता, एसएन-वन. ऑक्सिजन आधी निघून जाईल आणि रिंगवर कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन) उरेल. पण फिनाइल कॅटायनचं, म्हणजे या रिंगवरच्या कॅटायनचं, रिकामं ऑर्बिटल रिंगच्या पातळीत असतं, आणि पाय इलेक्ट्रॉन त्या पातळीच्या वर-खाली. दोघांची गाठच पडत नाही. रिंगमध्ये सहा इलेक्ट्रॉन असून त्यांचा काडीचा उपयोग नाही. बेंझिल कॅटायन (धनभार रिंगला जोडलेल्या बाहेरच्या कार्बनवर) स्थिर, फिनाइल कॅटायन महाअस्थिर, आणि मुलं परीक्षेत या दोघांची हमखास गल्लत करतात.

दोन्ही दारं बंद. म्हणून फिनॉल आणि मिथिल आयोडाइड. फिनॉल पुढे आयोडोबेंझिन होत नाही तेही यामुळेच, कितीही जास्त आम्ल ओता. डायइथिल ईथरला मात्र जास्तीचं एचआय मिळालं तर आधी सुटलेलं इथेनॉलसुद्धा इथिल आयोडाइड होऊन बसतं.

गिअरबॉक्स

वा ताई! म्हणजे नट कितीही सैल असो, मागून पाना लावायला जागाच नाही. हे माझ्या भाषेत आलं. भाचीला वाचून दाखवलं, ती "हं" म्हणाली. हे तिचं "उत्तम" असतं.

लोटेचा_केमिस्ट

लोटे परशुरामला बरीच वर्षं प्लांटवर काढली, आता निवृत्त. लवंगलताताईंनी सांगितलं त्याचा कारखान्यातला पुरावा देतो.

अ‍ॅनिसोलचा मिथिल काढून त्या जागी दुसरी रिंग बसवा. डायफिनाइल ईथर झालं. आता ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना एसपी-टू कार्बन. एचआयमध्ये उकळत बसा, ढिम्म हलत नाही. आणि हाच हट्टीपणा उपयोगी पडतो. साधारण ७३.५ टक्के डायफिनाइल ईथर आणि २६.५ टक्के बायफिनाइल यांचं मिश्रण डाऊथर्म ए या नावाने मिळतं. २५७ अंशांना उकळतं, दाबाखाली ४०० अंशांपर्यंत वापरतात. जिथे वाफेने भागत नाही तिथे रिअ‍ॅक्टर तापवायला हे जॅकेटमध्ये फिरतं. एका जागी गळती झाली की जिरॅनियमसारखा वास सगळ्या शेडभर. तो वास आला की आम्ही आधी फ्लँज बघायचो.

आता एचआयबद्दल. कारखान्यात मिथिल काढायला एचआय परवडत नाही. आम्ही ४८ टक्के एचबीआर (हायड्रोब्रोमिक आम्ल) वापरायचो. ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टर लागतो, स्टेनलेस स्टील एचबीआरपुढे टिकत नाही. उकळी १२६ अंशांच्या आसपास. मुलांच्या वहीत "+ मिथिल ब्रोमाइड" असं लिहून बाण संपतो, पण खरी कटकट तिथून सुरू होते. मिथिल ब्रोमाइड ३.६ अंशांनाच उकळतं, म्हणजे कूलिंग टॉवरच्या पाण्यावरचा कंडेन्सर त्याला अडवत नाही. वायू विषारी, आणि वास जवळजवळ नाहीच. साधा कॉस्टिक स्क्रबर एचबीआर पकडतो, पण मिथिल ब्रोमाइड त्याच्या हातून निसटतं, कारण ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि कॉस्टिकशी सावकाश रिअ‍ॅक्ट होतं. त्यावर वेगळा बंदोबस्त लागतो. शिवाय ते ओझोनला मारक, त्यामुळे मॉन्ट्रियल कराराच्या यादीत आहे. नवीन पोरगा शिफ्टला आला की मी त्याला आधी विचारायचो, "रिअ‍ॅक्शनमधून दुसरं काय निघतं?" जो फक्त प्रॉडक्टचं नाव सांगेल त्याला व्हेंट लाइनच्या शेवटापर्यंत चालवत न्यायचो.

पीएचडी_की_जय

काका, भारी.

भर म्हणून: लॅबमध्ये नाजूक रेणू असेल तर एचबीआर उकळवत नाहीत. बोरॉन ट्रायब्रोमाइड, डायक्लोरोमिथेनमध्ये, उणे ७८ अंशांपासून सुरुवात. बोरॉन ऑक्सिजनची लोन पेअर धरतो आणि ब्रोमाइड मिथिल उचलतो. शेवटी पाणी घातलं की फिनॉल मोकळं. आम्लच नको असेल तर डीएमएफमध्ये सोडियम इथेनथायोलेट. तेही मिथिलवर एसएन-टूच. फक्त वासामुळे त्या दिवशी कँटीनमध्ये तुमच्या शेजारी कोणी बसत नाही.

रिंगमास्टर

मीच ती भाची. मामाच्या आयडीवरून किती लिहिणार, म्हणून स्वतःचा काढला.

लवंगलता मॅडम, मिथिलच्या जागी टर्शरी ब्युटिल असेल तर? तिथे तर मागून वाट बंद असते ना? मग तो ईथर तुटणारच नाही?

लवंगलता

ये, ये.

तुटतो, आणि अ‍ॅनिसोलपेक्षा सहज तुटतो. मागची वाट बंद आहे, पण टर्शरी ब्युटिल कॅटायन स्थिर असल्यामुळे एसएन-वनचा रस्ता उघडा आहे. आयोडाइडची वाट न बघता ऑक्सिजन निघून जातो. टर्शरी ब्युटिल आयोडाइड किंवा आयसोब्युटिलीन मिळेल, रिंगकडे फिनॉलच. बेंझिल फिनाइल ईथरचंही तसंच.

आता कावळेबुवांसाठी. "लहान ग्रुप आयोडाइड घेऊन जातो" हा नियम क्लासमध्ये पाठ करून घेतात. इथिल मिथिल ईथरला तो बरोबर चालतो, मिथिल आयोडाइड आणि इथेनॉल. पण मिथिल टर्शरी ब्युटिल ईथर आला की नियम तोंडावर आपटतो. तिथे मिथेनॉल सुटतं आणि आयोडाइड मोठ्या ग्रुपकडे जातं. आणि पेपर काढणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून पर्यायांत दोन्ही उत्तरं असतात.

कावळा

मान्य, तो प्रश्न येतो. पण मॅडम, मी चाळीस पोरांच्या बॅचला शिकवतो. त्यातल्या पाचांना मेकॅनिझम झेपतो. उरलेल्यांनी काय करायचं? त्यांना नियम आणि त्याचे दोन अपवाद दिले की मार्क मिळतात. तुमची पद्धत चांगली आहे, पण ती ज्याला वेळ आहे त्याची.

लवंगलता

वेळेचं म्हणाल तर हिशोब उलटा आहे. "कॅटायन टिकतो का? नसेल तर मागून वाट आहे का? दोन्ही नसेल तर तो बाँड सोडून द्या." हे तीन प्रश्न. विल्यमसन सिंथेसिस (ईथर बनवायची रिअ‍ॅक्शन) याच तीन प्रश्नांत बसते. सोडियम फिनॉक्साइड अधिक मिथिल आयोडाइड चालतं. ब्रोमोबेंझिन अधिक सोडियम मिथॉक्साइड चालत नाही, कारण इथेही मागे रिंगचं पोट. टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडवर मिथॉक्साइड टाकलं की ईथरऐवजी आयसोब्युटिलीन, कारण बेस मागून शिरू शकत नाही, मग शेजारचा हायड्रोजन ओढतो. तुमच्या बॅचला हे तीन वेगवेगळे नियम म्हणून पाठ करावे लागतात.

लोटेचा_केमिस्ट

विल्यमसन साहेबांनी १८५० साली ही रिअ‍ॅक्शन केली तेव्हा ईथरची रचना कशी आहे यावरच वाद चालू होता. आम्ही प्लांटवर मिथिल आयोडाइडऐवजी डायमिथिल सल्फेट घ्यायचो, स्वस्त म्हणून. भयंकर चीज. हुंगलं तर लगेच काही कळत नाही, त्रास काही तासांनी सुरू होतो. आता डायमिथिल कार्बोनेटकडे वळताहेत ते बरंच आहे.

पीएचडी_की_जय

आता थोडा खडा टाकतो. रिंग आणि ऑक्सिजनमधला बाँड *कधीच* तुटत नाही असं कोणी लिहून घेऊ नका.

अ‍ॅनिसोलवर ऑर्थो आणि पॅराला एकेक नायट्रो बसवा. २,४-डायनायट्रोअ‍ॅनिसोल. याला अमाइनबरोबर ठेवलं तर अमाइन थेट रिंगच्या कार्बनवर बसतं आणि मिथॉक्साइड सुटतं. म्हणजे नेमका तोच बाँड तुटला. मागून वाट नाही हे खरं, पण इथे हल्ला रिंगच्या *वरून* होतो. आधी न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉन देणारं, इथे अमाइन) कार्बनला जोडलं जातं, कार्बन तात्पुरता एसपी-थ्री होतो, आणि आलेला ऋणभार नायट्रोचे ऑक्सिजन सांभाळतात. मग मिथॉक्साइड निघतं आणि रिंग पुन्हा अ‍ॅरोमॅटिक.

हा मधला टप्पा कागदावरचा नाही, बाटलीत धरता येतो. १९०२ साली याकोब मायझेनहायमरने ट्रायनायट्रोअ‍ॅनिसोलवर इथॉक्साइड टाकलं, आणि दुसरीकडे ट्रायनायट्रोफेनेटोलवर, म्हणजे इथॉक्सीवाल्यावर, मिथॉक्साइड टाकलं. दोन्हीकडून एकच रंगीत क्षार मिळाला. याचा अर्थ एकाच कार्बनवर मिथॉक्सी आणि इथॉक्सी दोन्ही बसलेले आहेत. ना एनएमआर, ना एक्स-रे. मला या प्रयोगाचं फार कौतुक आहे.

अजून एक गंमत. एसएन-टूमध्ये हॅलोजनांपैकी फ्लोरिन सगळ्यात वाईट लीव्हिंग ग्रुप (सुटून जाणारा गट). इथे सगळ्यात चांगला, कारण मंद पायरी जोडण्याची आहे, सुटण्याची नाही, आणि फ्लोरिनमुळे तो कार्बन जास्त धन होतो. बायोकेमिस्ट सँगरने इन्सुलिनवर काम करताना फ्लोरोडायनायट्रोबेंझिन वापरलं ते म्हणूनच.

रिंगमास्टर

म्हणजे मॅडमच्या तीन प्रश्नांत चौथा घालायचा: रिंगवर ऋणभार घेणारं कोणी आहे का?

पीएचडी_की_जय

अगदी. आणि ते ऑर्थो किंवा पॅरालाच हवं. मेटाचा (एक कार्बन सोडून बसलेला) नायट्रो तो भार स्वतःवर घेऊ शकत नाही, काढून बघ.

गिअरबॉक्स

माझा दुसरा प्रश्न राहिला हो. अ‍ॅक्टिव्हेट करण्याचा. भाची जेवायला येईना, इथेच बसलीय.

लवंगलता

तो सोपा आहे, कारण इथे ऑक्सिजनवर प्रोटॉन बसवून त्याचा हात बांधलेला नाही. लोन पेअर मोकळी आहे आणि ती रिंगमध्ये शिरते. इलेक्ट्रोफाइल (इलेक्ट्रॉनचं भुकेलं) ऑर्थोला किंवा पॅराला बसलं की तयार होणाऱ्या कॅटायनची एक रचना अशी निघते, जिच्यात ऑक्सिजन स्वतःवर प्लस घेतो आणि सगळ्या अणूंची अष्टकं पूर्ण राहतात. मेटाला बसलं तर ही रचना निघतच नाही. फरक फक्त या एका रचनेचा.

प्रात्यक्षिकात हे डोळ्यांनी दिसतं. बेंझिनला ब्रोमिन लावायला फेरिक ब्रोमाइड हवं. अ‍ॅनिसोल ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लात घ्या आणि ड्रॉपिंग फनेलमधून ब्रोमिनचं द्रावण थेंबथेंब सोडा, कॅटॅलिस्ट काहीच नाही. लालसर तपकिरी थेंब पडतो, एक क्षण तरंग उठतो आणि रंग जातो. फ्लास्कच्या तोंडाशी एचबीआरचा पांढरा धूर दिसायला लागतो, ओला निळा लिटमस धरला की लाल. रंग जायचा थांबला की समजायचं, ब्रोमिन पुरे झालं. जवळजवळ ९० टक्के पॅरा मिळतो, कारण ऑर्थोला मिथॉक्सीची गर्दी. फिनॉलला ब्रोमिन वॉटर दिलं तर मात्र थेट २,४,६-ट्रायब्रोमोफिनॉलचा पांढरा साका, तिथे एकावर थांबवणंच अवघड.

पण "मिथॉक्सी देतो" एवढ्यावर थांबू नका. ऑक्सिजन इलेक्ट्रोनिगेटिव्ह आहे, सिग्मा बाँडमधून तो ओढतोच. पॅराला देणं जिंकतं, मेटाला देणं पोचत नाही म्हणून ओढणं उरतं. हॅमेटचे आकडे बघा (उणे म्हणजे ग्रुप इलेक्ट्रॉन देतो, अधिक म्हणजे ओढतो): मिथॉक्सीचा पॅरा सिग्मा उणे ०.२७, मेटा सिग्मा अधिक ०.१२. एकच ग्रुप, जागा बदलली की चिन्ह बदललं. बारावीला हे आकडे नाहीत, पण रिंगमास्टरला आवडतील.

कावळा

मॅडम, अ‍ॅनिसोलचं फ्रिडेल-क्राफ्ट्स (रिंगला कार्बनचा गट जोडणारी रिअ‍ॅक्शन)? अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड तर स्वतः ऑक्सिजनला धरतं. मग रिंग डिअ‍ॅक्टिव्हेट व्हायला हवी. पोरं हे विचारतात आणि मी विषय बदलतो.

लवंगलता

:) विषय बदलू नका, चांगला प्रश्न आहे. धरतं, पण ते धरणं सुटं-बांधलं चालू असतं, त्यामुळे मोकळं अ‍ॅनिसोल शिल्लक राहतं आणि तेच रिअ‍ॅक्ट होतं. अ‍ॅसिटिल क्लोराइडबरोबर मुख्यतः ४-मिथॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन मिळतं.

लोटेचा_केमिस्ट

आणि त्यात मेख अशी, की ऑर्थोला जे थोडं अ‍ॅसायलेट होतं तिथे अ‍ॅल्युमिनियम कार्बोनिलचा आणि मिथॉक्सीचा ऑक्सिजन दोन्ही एकदम धरून बसतो आणि क्लोराइड मिथिल उडवतं. तापमान वाढू दिलं की बॅचमध्ये ऑर्थो-हायड्रॉक्सी कीटोनची अशुद्धी दिसते. म्हणजे गिअरबॉक्स यांचा दुसरा प्रश्न फिरून पहिल्यावरच आला.

जुनी_वही

अवांतर, पण अगदीच नाही. ज्या रिअ‍ॅक्शनवर धागा आहे तिने एकेकाळी रचना शोधून दिल्या आहेत. १८८५ साली ऑस्ट्रियाच्या झायझेल या रसायनज्ञाने पद्धत काढली: पदार्थ एचआयमध्ये उकळायचा, ४२ अंशांना उकळणारं मिथिल आयोडाइड वायूच्या झोताबरोबर बाहेर काढायचं, अल्कोहोलमधल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये सोडायचं, आणि पिवळा सिल्व्हर आयोडाइडचा साका वाळवून तोलायचा. एका मिथॉक्सीमागे एक सिल्व्हर आयोडाइड. व्हिएन्नातच गोल्डश्मिटने अफूतल्या पापाव्हरिनची रचना लावताना ही पद्धत वापरली.

झायझेल स्वतः कोल्चिसिनवर काम करत होता. पावसाळ्यात सह्याद्रीत कळलावी फुलते ना, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या पाकळ्यांची, तिच्या कंदात आणि बियांत तेच कोल्चिसिन असतं. भलतं विषारी, ट्रेकला कोणी कंद उकरू नये. त्याच्या रेणूत चार मिथॉक्सी आहेत.

रिंगमास्टर, गणित घे. एका अल्कलॉइडचं (वनस्पतीतल्या नायट्रोजनयुक्त संयुगाचं) मोलर वस्तुमान ३३९. त्याच्या ०.३३९ ग्रॅमपासून ०.९३९ ग्रॅम सिल्व्हर आयोडाइड मिळालं. सिल्व्हर आयोडाइडचं मोलर वस्तुमान २३५ धर. मिथॉक्सी किती?

रिंगमास्टर

०.००१ मोल अल्कलॉइड. ०.९३९ भागिले २३५ म्हणजे ०.००४ मोल. चार. हेच पापाव्हरिन का?

पण काका, रेणूत मिथॉक्सीऐवजी इथॉक्सी असता तर? इथिल आयोडाइडही उडून येईल, त्याचाही साका पडेल. मग तोलून फरक कसा कळणार?

जुनी_वही

हो, पापाव्हरिनच.

आणि नुसतं तोलून नाही कळणार. इथिल आयोडाइड ७२ अंशांना उकळतं, तेही झोताबरोबर येतं आणि साका तोच पडतो. त्या काळी मग बाहेर येणारी वाफ ट्रायमिथिलअमाइनमध्ये घेऊन दोन वेगळे अमोनियम क्षार करायचे आणि विद्राव्यतेवरून वेगळे काढायचे. आता गॅस क्रोमॅटोग्राफवर दोन वेगळे पीक येतात.

गिअरबॉक्स

मंडळी, ती आता क्लेझन रीअरेंजमेंटचं पान उघडून बसलीय. अ‍ॅलिल फिनाइल ईथर २०० अंशांना तापवलं की आम्लाशिवायच ऑर्थो-अ‍ॅलिल फिनॉल होतं म्हणे, आणि तिला जाणून घ्यायचंय की रिंगला अ‍ॅलिलचा कोणता कार्बन जोडला जातो. पहिला की तिसरा?

पीएचडी_की_जय

तिसरा. साध्या अ‍ॅलिलमध्ये पहिला आणि तिसरा दिसायला सारखेच, म्हणून कार्बन-१४ची खूण लावून तपासलं गेलं. खूण नको असेल तर टोकाला एक मिथिल असलेला क्रोटिल फिनाइल ईथर कागदावर घे: रिंगला जोडलेल्या कार्बनवर मिथिल येतो आणि डबल बाँड बाहेरच्या टोकाला सरकतो. दोन्ही ऑर्थो जागा आधीच भरलेल्या असतील तर अ‍ॅलिल पॅराला पोचतं, पण दोनदा उलटून, म्हणजे पॅराला पुन्हा पहिलाच कार्बन जोडलेला. यासाठी नवा धागा काढा हो, इथे काकांचे प्रतिसाद खाली जाताहेत.